पांढऱ्या पेशींना वाट कशी सापडते?

पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, असे आपण वर्गात शिकवतो. पण रक्त तर बंद नळ्यांतून वाहते. मग बोटाला जखम झाली, तर या पेशी नेमक्या तेथेच बाहेर कशा पडतात? चौकस विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच. संशोधकांनाही त्याने बराच काळ झुलवले.

१९५९ साली ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात अशा फिरत राहतात. पुढे १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅम्पर व वुड्रफ यांनी लसीका ग्रंथीचा गोठवलेला पातळ काप काचपट्टीवर घेतला, त्यावर जिवंत लिंफोसाइट सोडल्या, थंडीत हलवल्या आणि काप धुतला. पेशी उरल्या त्या एका विशिष्ट प्रकारच्या, जाड अस्तराच्या सूक्ष्म शिरांवरच! काप तर निर्जीव. ना रक्ताचा ओघ, ना हृदयाचा ठोका. म्हणजे ओळख पटवणारे रेणू पेशींच्या पृष्ठभागावरच असले पाहिजेत. इतक्या साध्या साधनांनी इतके मोठे उत्तर क्वचितच मिळते, असे आम्हाला वाटते.

हीच युक्ती १९९२ साली कॅलिफोर्नियात टेड येडनॉक व सहकाऱ्यांनी मेंदूच्या कापांवर वापरली. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात स्वतःच्याच पांढऱ्या पेशी मेंदूत व मज्जारज्जूत शिरून चेतातंतूंचे वेष्टन खातात. तशाच रोगाने आजारी उंदरांच्या मेंदूतील सुजलेल्या रक्तवाहिन्यांना पांढऱ्या पेशी चिकटत. या पेशींवरील ‘अल्फा-४ इंटिग्रिन’ हे प्रथिन प्रतिपिंडाने झाकले, की पकड सुटे. जिवंत उंदरांना तो प्रतिपिंड टोचल्यावर त्यांचा रोगही टळला.

त्यातून नॅटालिझुमॅब हे औषध आले. चाचण्यांत रोगाचे झटके सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये विक्री थांबवावी लागली! चाचण्यांतील तीन रुग्णांच्या मेंदूत जेसी विषाणू माजला होता. त्यांतले दोघे दगावले. हा विषाणू कित्येक निरोगी प्रौढांच्या शरीरात निमूट पडून असतो. चोराला अडवणारे कुलूप पहारेकऱ्यालाही अडवत होते.

गोष्ट येथे संपली नाही. मार्च २००६ मधील सुनावणीत रुग्णांनीच औषध परत मागितले. चालण्याची शक्ती गमावण्यापेक्षा हा धोका त्यांना पत्करण्याजोगा वाटत होता. जूनमध्ये कडक नोंदणीच्या अटीवर ते परत आले. २०१२ मध्ये अमेरिकेत, रक्तात जेसी विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड आहेत का, हे पाहणाऱ्या चाचणीला मान्यता मिळाली. ते नसतील तर धोका फारच कमी. असतील तर औषध किती काळ घ्यायचे, हे डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात.