पाण्याचा आयनीभवन स्थिरांक आणि तापमान: एका मापनाचा इतिहास

अत्यंत शुद्ध पाण्यातही काही मोजक्या रेणूंचे विघटन होऊन हायड्रोजन व हायड्रॉक्साइड हे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, तयार होतात. २५ अंश सेल्सियसला हे प्रमाण सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक इतके अल्प असते. या दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरावीक तापमानाला कायम राहतो आणि त्यालाच पाण्याचा आयनीभवन स्थिरांक म्हणतात.

स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडलेला आयन-सिद्धान्त अनेक रसायनज्ञांना मान्य नव्हता, आणि अशा काळात फ्रीड्रिख कोलराउश व आडोल्फ हायडवायलर यांनी स्ट्रासबुर्ग येथे केलेले काम निर्णायक ठरले. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि काचेतून झिरपणारे क्षार पाण्याची वाहकता वाढवतात, म्हणून त्यांनी निर्वातात ऊर्ध्वपातन केले आणि १८९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारांमुळे येणारी वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते, तर त्यांच्या पाण्याची वाढ ५ टक्क्यांहून अधिक होती. म्हणजे पाणी जितके शुद्ध, तितका तापमानाचा परिणाम तीव्र. उरलेली अशुद्धी किती, हेही त्यांनी याच फरकावरून अजमावले.

या वाढीचे कारण उष्णतेत होते. आम्ल व अल्कली एकत्र आले की दोन्ही आयन जुळून पाणी बनते आणि दर मोलला सुमारे १३,७०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. उलट विघटनासाठी तितकीच उष्णता लागते, त्यामुळे तापमान वाढले की विघटनही वाढते. तापमानानुसार स्थिरांक किती बदलतो हे सांगणाऱ्या व्हान्ट हॉफ यांच्या समीकरणात हा आकडा घातल्यावर निघणारी वाढ प्रत्यक्ष मापनाशी जुळली. उष्णतामापकातील आकडा आणि विद्युतवाहकतेचा आकडा एकमेकांशी जुळणे, हा आयनांच्या अस्तित्वाचा अत्यंत भक्कम पुरावा होता, आणि त्याचे महत्त्व पाठ्यपुस्तकांत पुरेसे सांगितले जात नाही.

स्योरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथे आम्लता दाखवणाऱ्या सामूची (pH) मोजपट्टी मांडली, पण उदासीन पाण्याचा सामू ७ हा २५ अंशांपुरताच खरा आहे: शून्य अंशाला तो सुमारे ७.५, तर १०० अंशांना सुमारे ६.१ असतो, आणि तरीही दोन्ही आयनांची संहती समान असल्याने पाणी उदासीनच राहते. २५ ते १०० अंशांत स्थिरांक पन्नासपटीहून अधिक वाढतो.

ही वाढ अखंड चालत नाही, हे आर्थर नॉइस व सहकाऱ्यांनी बोस्टन येथे दाखवले. प्लॅटिनमचे अस्तर असलेल्या दाबपात्रात त्यांनी ३०६ अंशांपर्यंत मापने केली आणि १९०७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २१८ अंशांपेक्षा ३०६ अंशांना स्थिरांक बराच कमी भरला. इतक्या तापमानाला पाण्याची घनता घटते आणि विरुद्ध भारांचे आकर्षण क्षीण करण्याची त्याची क्षमताही ओसरते, म्हणून विलग झालेले आयन पुन्हा जुळू लागतात. बाष्पाच्या दाबाखालील पाण्यात हे वळण सुमारे २५० अंशांच्या आसपास येते.