तंत्र, तार आणि वीण

लासलगावच्या पूर्वेस, शेजारच्याच तालुक्यात, पैठणीसाठी विख्यात असलेले येवले वसले आहे. लासलगावची पेठ कांद्याची. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या तेथील बाजार समितीत निघालेला भाव आज मोबाइलवरून क्षणार्धात दूरवर पोहोचतो. एकीकडे माग, दुसरीकडे संदेशांचे जाळे. ही दोन जगे परस्परांस परकी वाटतात. परंतु शब्दांचा इतिहास पाहता तसे म्हणता येत नाही.

‘तन्’ म्हणजे ताणणे ह्या धातूपासून सिद्ध झालेला ‘तंत्र’ हा शब्द वैदिक वाङ्मयात मागावर ताणलेल्या धाग्यांचा वाचक आहे. पुढे त्यास पद्धती, शास्त्र हे अर्थ प्राप्त झाले, आणि ‘तंत्रज्ञान’ ह्या अर्वाचीन शब्दात मागाचे स्मरण मावळले. ‘तार’ शब्दाची वाटही अशीच. फारसीत तो धाग्याचा वाचक. मराठीत तो धातूच्या तंतूस आणि त्यावरून येणाऱ्या संदेशासही लावला गेला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

यंत्रविद्येच्या इतिहासातही हा संबंध दिसून येतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकार ह्याने सिद्ध केलेल्या मागावर पुठ्ठ्यांतील छिद्रे कोणते उभे धागे उचलावयाचे हे ठरवीत. हीच युक्ती चार्ल्स बॅबेज ह्याने पुढे आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात योजिली.

हे विस्मृत नाते मुंबईच्या कलाकार रीना सैनी कल्लाट ह्यांनी ‘वोव्हन क्रॉनिकल’ ह्या कलाकृतीत दृश्यरूप केले. २०१६ मध्ये ती न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रदर्शित झाली. विजेच्या रंगीत तारांनी विणलेला हा जगाचा नकाशा स्थलांतरितांचे मार्ग दाखवितो. त्यातील ध्वनिवर्धकांतून आवाज उमटत राहतात. मात्र ह्या तारांचे पीळ काटेरी कुंपणाचीही आठवण देतात. माणसांना जोडणारे साधन त्यांना अडवूही शकते, हे येथे सूचित होते.

ह्याउलट पैठणीचा पदर विणताना रंगागणिक निराळी कांडी असते, आणि कोणता धागा कोठे वळवावयाचा हे पुठ्ठा नव्हे, विणकराची बोटे ठरवितात. जेथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, तेथे दोन्ही धागे परस्परांत अडकविले जातात. म्हणूनच पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. सीमेवरच सांधा घालण्याची ही विद्या छिद्रांच्या पुठ्ठ्याहून जुनी आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास यंत्रापासून आरंभिल्यास ती, आणि तिच्यासह विणकरही, इतिहासाबाहेर राहतो. ‘तंत्र’ शब्दाची साक्ष मात्र त्याच्याच बाजूची आहे.