दुसरा रकाना

शनिवारची रात्र. खारकोपरहून सुटलेली लोकल बामणडोंगरीच्या दिशेने निघून जाते आणि उलव्याचं सेक्टर पुन्हा शांत होतं. हॉलच्या टाइल्सवर मांडी घालून तुम्ही चार्ट पेपर पसरलाय. उद्या संडे स्कूल. डावीकडे दहा आज्ञा लिहून झाल्या. उजव्या रकान्याला मथळा दिलाय : ‘मोडली तर’.

इथेच मार्कर अडतो. गेल्या रविवारी एका पोराने विचारलं होतं, “टीचर, देवाचं लक्ष नसेल तेव्हा चालतं का?” तुम्ही पटकन म्हणालात, “त्याचं सगळीकडे लक्ष असतं.” पोरगं गप्प बसलं. तुमच्या मनात मात्र सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही आला, आणि तो अजून गेलेला नाही.

टेकलेला हात उचलता, तर खाली टाइल नाही. लाकडी फळ्या आहेत, गार.

साल 1883. लंडनमधलं फुलहॅम. तुमच्या शेजारी उभ्या आहेत पंचविशीतल्या एक विधवा, पंडिता रमाबाई. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी इथल्या सिस्टर्स काम करतात. त्या बायकांपैकीच काहीजणी आता आजारी माणसांची सेवा करतात. रमाबाई एकटक बघताहेत. अशा बाईला काय शिक्षा द्यावी, हे शास्त्रात कुठे आहे ते त्यांना मुखोद्गत आहे. तिला पुन्हा उभं करावं, हे त्यांनी आजवर पाहिलेलं नाही.

त्या विचारतात : हे तुम्हाला करावंसं का वाटतं?

सिस्टर नियम सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडते. भर दुपारी विहिरीवर एकटीच आलेली शमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तो तिचं सगळं आयुष्य ओळखून आहे, तरी बोलणं सुरू होतं ते त्याच्या तहानेपासून. रमाबाईंचा चेहरा तुम्ही बघता. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला इंग्लंडमधल्याच वाँटेजला त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा होतो.

आता बाई निमूट सगळं ऐकतील, असं तुम्हाला वाटतं. पान उलटतं, 1885. पत्रं जाताहेत, येताहेत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनला वाटतं, रमाबाईंनी चर्चची शिकवण मुकाट मान्य करावी, आणि रमाबाई वाद घालताहेत. भटभिक्षुकांचं जोखड एवढ्या कष्टाने उतरवलं, ते पाद्र्यांचं मानेवर घ्यायला नाही, असा त्यांचा रोख. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न आहेच. तुम्ही चपापता. ही आज्ञाधारक बाई? पण त्यांची मान आडवी हलते ती माणसाच्या हुकमापुढे. धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं लागली, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवलं.

मग ऊन एकदम अंगावर येतं. धूळ, बैलगाड्या. पुणे-दौंड रेल्वेवरचं केडगाव, 1897. मध्य प्रांतात दुष्काळ आहे. कुणी न पाठवता रमाबाई तिकडे जाऊन आल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. तुमच्यासमोर गाडीतून एक मुलगी उतरते. हाडांचा सापळा, केसांत उवा, पायावर चिघळलेली जखम. तुमचा हात नकळत नाकाकडे जातो. रमाबाईंचा मुलीच्या डोक्यावर गेलेला आहे.

त्यांना हा वास ठाऊक आहे. वीसेक वर्षांमागे दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. व्रतं, उपास, तीर्थयात्रा, यांत त्या घराने काही कमी ठेवलं नव्हतं. म्हणून या मुलीला त्या आधी नियम सांगत नाहीत. पाणी तापवायला सांगतात.

वर्षं सरकतात. छापखान्यात रमाबाईंच्या केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेतल्या मुली शिशाचे उलटे खिळे जुळवताहेत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आहेत, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं आहे. 1921 मध्ये मनोरमा जाते. तरी पोथी पुढे सरकत राहते. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई जातात, 1924 मध्ये त्यांचं बायबल बाहेर पडतं. योहानाच्या शुभवर्तमानातला, शेवटच्या जेवणाच्या रात्रीचा चौदावा अध्यायही त्यात आहे. शिष्यांनी आज्ञा पाळाव्यात असं येशू म्हणतो, पण त्याआधी विषय काढतो तो प्रेमाचा. मार बसेल, असं तो म्हणत नाही.

शाईचा वास विरतो. हाताखाली पुन्हा टाइल. मार्करचं टोपण उघडंच राहिलंय.

तुम्ही ‘मोडली तर’ वर रेघ मारता आणि खाली लिहिता : ‘कुणासाठी?’ आई-वडिलांच्या ओळीसमोर नाव पटकन सुचतं. चोरीसमोरही. नवव्या आज्ञेपाशी, शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीपाशी, मार्कर थांबतो. मागच्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून बी विंगमधल्या त्या गृहस्थांवर आळ आला, तेव्हा काही न पाहता तुम्हीही मान डोलावली होती. कॅमेऱ्यात ते कुठेच नाही.

तुम्ही त्यांचं नाव लिहिता, मग लहान अक्षरांत फ्लॅट नंबर. घड्याळात साडेनऊ. एवढ्यात झोपले नसतील.