खटक्याचा हिशेब

१९३७ सालापर्यंत टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायचा म्हणजे सायकलवरून खाली उतरायचं. मागच्या चाकाला दोन्ही अंगांना दातेरी चकत्या असत. एक सपाटीची, दुसरी चढाची. घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरे, विंग नट सैल करी, चाक काढून उलटं बसवी, साखळी ताणून नट आवळी आणि पुन्हा टांग मारी. माथ्यावर पोचल्यावर परत तेच.

यंत्रं नव्हती असं नाही. सेंत-एतियेन गावी पॉल द व्हिव्ही हा गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलींचं मासिक चालवत असे, आणि अनेक गिअरांच्या सायकलीचा त्याने विडाच उचलला होता. पण टूरचा जनक आंरी देग्रांज बधला नाही. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय, खऱ्या स्वाराने पायांच्या बळावर जिंकावं, असं त्याचं म्हणणं. १९३६ मध्ये आजारपणामुळे त्याच्या हातून सूत्रं गेली. पुढच्याच वर्षी बंदी उठली आणि रोजे लापेबी डिरेलरच्या, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राच्या, सायकलवरून टूर जिंकणारा पहिला स्वार ठरला.

त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं गिअरचं यंत्र मूलतः बिनखटक्याचं होतं. इटलीतल्या विचेन्झाच्या काम्पान्योलोने पन्नाशीच्या दशकारंभी ‘ग्रान स्पोर्त’ हा समांतरभुज सांगाड्याचा डिरेलर बाजारात आणला. १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने तोच सांगाडा तिरका बसवला, त्यामुळे डिरेलरमधली साखळी नेणारी वरची पुली सगळ्या चकत्यांपासून साधारण सारख्या अंतरावर राहू लागली. गिअर बदलायची लिव्हर मात्र निव्वळ घर्षणावर थांबणारी. स्वार ती अंदाजाने ओढायचा, साखळी खरखरली की केसभर मागे घ्यायचा. खरखर थांबली की गिअर बसला.

या पद्धतीचा एक मोठा फायदा त्या काळी कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. लिव्हर इटालियन, डिरेलर जपानी, फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) फ्रेंच, काहीही चालायचं. मापांतली तफावत स्वाराचा कान आणि हात भरून काढत. एखादा भाग बदलला तर दोन दिवसांत हाताला नवी सवय लागे.

१९८४ मध्ये हे गणित उलटलं. ओसाकाजवळच्या साकाई शहरात १९२१ मध्ये स्थापन झालेल्या आणि फ्रीव्हील बनवण्यापासून सुरुवात केलेल्या शिमानोने ‘ड्युरा-एस ७४००’ हा संच काढला. लिव्हर ओढली की टक्कन खटका, आणि साखळी नेमकी पुढच्या चकतीवर. खटक्याचा प्रयोग शिमानोने सत्तरच्या दशकातही केला होता, पण तो हौशी स्वारांच्या साध्या सायकलींवर. शर्यतीतल्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. या वेळी कंपनीने शहाणपण केलं. खटका आधी सर्वांत महागड्या संचात घातला आणि मग खालच्या संचांत उतरवला.

यश मात्र एकट्या लिव्हरचं नव्हतं. जुन्या केबलचं आवरण गुंडाळलेल्या तारेचं असे. ताण आला की ते किंचित दबे आणि लिव्हरची ओढ वाटेतच जिरे. त्याजागी लांबीच्या दिशेने बसवलेल्या तारांचं, न दबणारं आवरण आलं. वरच्या पुलीला मुद्दाम थोडा आडवा हालता खेळ ठेवला, म्हणजे नेम जरासा चुकला तरी साखळी आपली जागा शोधून घेई. सनटूरच्या तिरक्या सांगाड्याचं पेटंटही त्याच सुमारास संपल्याने शिमानोला ती रचना मोकळेपणी वापरता आली. लिव्हर, केबल, डिरेलर, चकत्या, साखळी सगळी एकाच मापाने बांधलेली.

काम्पान्योलोने उत्तर म्हणून ‘सिंक्रो’ लिव्हर आणली. तिच्यात फ्रीव्हीलनुसार वेगळी खाचांची चकती बसवायची, म्हणजे ज्याच्याकडे जे भाग असतील त्यांवर ती चालावी. हेतू उदार होता, पण जुन्या पद्धतीच्या डिरेलरांना तेवढा काटेकोरपणा झेपला नाही आणि सिंक्रोचं हसं झालं.

आज नवी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) किंवा नवा शिफ्टर (खटक्याची लिव्हर) बसवल्यावर जी कटकट होते तिचं मूळ एकाच मापाने बांधलेल्या या भागांत आहे. शिमानोच्या आठ गिअरी शिफ्टरचा एक खटका केबल सुमारे २.८ मिलिमीटर ओढतो. डिरेलर ती ओढ साधारण १.७ पट करतो, म्हणजे साखळी सुमारे ४.८ मिलिमीटर सरकते; दोन चकत्यांमधलं अंतर तेवढंच. नऊ गिअरी कॅसेटमध्ये ते सुमारे ४.३५. आता आठच्या कॅसेटवर नऊचा शिफ्टर लावा. दर खटक्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी पडतो. पहिल्या दोन चकत्यांवर काहीच जाणवत नाही, सातव्या खटक्यापर्यंत मात्र चूक तीन मिलिमीटरवर जाते. केबलचा ताण ठरवणारा बॅरल स्क्रू फिरवला की त्या टोकाची खरखर थांबते आणि ती या टोकाला सुरू होते. माणूस तासभर स्क्रू पिळत बसतो. स्क्रूने सगळ्या खटक्यांची सुरुवात पुढेमागे होते, एका खटक्याची लांबी बदलत नाही.

म्हणून लक्षण नीट पाहावं. स्क्रू फिरवल्यावर खरखर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात असेल तर माप जुळत नाही, भाग परत करा. सगळ्याच गिअरांत सारखी खरखर असेल तर ताण चुकलाय, अर्धा आटा पुरतो. साखळी मोठ्या चकत्यांवर चढताना बरोबर आणि लहान चकत्यांवर उतरताना आळस, तर केबल आवरणात अडकतेय. आणि जोर लावल्यावर साखळी दातांवरून उडी मारत असेल तर गिअर निर्दोष आहे. जुन्या, झिजलेल्या चकत्यांवर नवी साखळी चढवलीय. मापं जुळूनही एका अंगाला बिनसत असेल तर डिरेलर जिथे टांगतात तो हँगर वाकलाय का बघावं. सायकल उजव्या कुशीवर पडली की पहिला मार तोच खातो.

शिमानोने स्वतःचीही मापं जपली नाहीत. खटका रुजवणाऱ्या ड्युरा-एस ७४०० चाच डिरेलर घरच्या इतर संचांपेक्षा वेगळी ओढ मागतो. तेव्हा जुनी सायकल विकत घेऊन तिच्यात आठ गिअरी शिफ्टर घालण्याचा विचार असेल, तर आधी डिरेलरवरचा नमुना क्रमांक वाचा. ७४०० लिहिलेलं दिसलं तर शिफ्टर घेऊ नका. मूळ लिव्हरवर एक छोटी कडी आहे; ती फिरवली की खटके बंद होतात आणि हीच लिव्हर घर्षणावर, पूर्वीसारखी हाताच्या अंदाजाने चालते.