प्रेषकाच्या जागी समूहाचा पत्ता : नेटवर्क स्विचचा इशारा आणि त्यावरील उपाय

एकेकाळी रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य घरांचा संसार मुंबईतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चालत असे. पैसे घरी पोचले की घेणाऱ्याच्या सहीची पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. शिमग्याच्या पालखीचे निमंत्रण समस्त ग्रामस्थांना एकत्रितपणे धाडता येते. मनीऑर्डरीवर पाठवणाऱ्याच्या जागी मात्र ‘समस्त चाकरमानी’ असे लिहून भागत नसे. पोच परत जायची तर तेथे एकाच माणसाचे नाव हवे. संगणकांच्या जाळ्यालाही हाच नियम लागू आहे. माहिती अनेकांना एकदम पाठवता येते, पण पाठवणारा एकच असावा लागतो. हा नियम मोडला की नेटवर्क स्विच ‘मल्टिकास्ट सोर्स अ‍ॅड्रेस’ अवैध असल्याचा इशारा नोंदवतो.

जिल्ह्याच्या ठिकाणची कार्यालये, बँका आणि महाविद्यालये यांचा कारभार आता अशा स्विचवर अवलंबून आहे. मुंबई-पुण्याहून तज्ज्ञ येईपर्यंत वेळ जातो आणि तोवर चांगला स्विच बदलण्याचा अनाठायी खर्चही होऊन बसतो. वस्तुतः दोष बहुधा स्विचमध्ये नसतो. स्विच केवळ साक्षीदार असतो.

पत्ता कसा ओळखावा?

ईथरनेट जाळ्यातील प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. तो हेक्साडेसिमल पद्धतीने, दोन-दोन चिन्हांच्या सहा गटांत लिहितात. व्यवहारात पत्त्यातील दुसरे चिन्ह तेवढे पाहावे. ते १, ३, ५, ७, ९, बी, डी किंवा एफ असेल, तर पत्ता समूहाचा. अन्यथा एकट्या उपकरणाचा. पहिल्या बाइटमधील शेवटचा बिट १ असणे ही समूहाची खूण असल्यामुळे असे होते. ०१:००:५ई ने सुरू होणारे पत्ते आयपी आवृत्ती ४ च्या, तर ३३:३३ ने सुरू होणारे आवृत्ती ६ च्या मल्टिकास्टसाठी वापरले जातात. आयईईई ८०२.३ या मानकानुसार समूहाचा पत्ता फक्त प्राप्तकर्त्याच्या जागी येऊ शकतो.

स्विच काय करतो?

कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर आहे, हे स्विच प्रेषकाच्या पत्त्यावरून शिकतो आणि आपल्या तक्त्यात नोंदवतो. ही नोंद सामान्यतः ३०० सेकंद टिकते. समूहाचा पत्ता मात्र तो अशा रीतीने शिकू शकत नाही. परिणामी त्या पत्त्यावर धाडलेले उत्तर संबंधित व्हीलॅनच्या सर्व पोर्टांवर पसरते. काही स्विच अशी फ्रेम टाकून देतात. सिस्कोचे जुने कॅटॅलिस्ट स्विच इशारा नोंदवूनही ती पुढे पाठवत. त्यामुळे ‘काम तर सुरळीत चालले आहे’ म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

संभाव्य कारणे

कामाचा भार वाटून घेणारे सर्व्हर किंवा फायरवॉल यांनी एकच सामायिक मल्टिकास्ट पत्ता वापरणे, हे नेहमी आढळणारे कारण. जाळ्याच्या चाचणीसाठी कृत्रिम वाहतूक निर्माण करणारी उपकरणे हे दुसरे. याखेरीज हाताने चुकीचा मॅक पत्ता भरलेला आभासी संगणक, सदोष ड्रायव्हर आणि बिघडलेले नेटवर्क कार्ड यांचाही विचार करावा. कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. विजेच्या दाबातील अशा चढउतारांनी कार्डे निकामी होतात, म्हणून हा इशारा पावसाळी दिवसांत प्रथमच दिसल्यास कार्डही तपासावे.

केबलला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केबलमुळे विस्कटलेली फ्रेम सीआरसी तपासणीत सहसा बाद होते. तोच पत्ता पुन्हा पुन्हा दिसत असेल आणि पोर्टवरील सीआरसी चुका वाढत नसतील, तर दोष पाठवणाऱ्या उपकरणाचा आहे, असे समजावे.

शोध कसा घ्यावा?

१. इशाऱ्यातील वेळ, पोर्ट, व्हीलॅन आणि पत्ता जसाच्या तसा टिपून घ्यावा.

२. तो पोर्ट दुसऱ्या स्विचकडे जात असेल, तर त्या स्विचवरील नोंदी पाहाव्यात आणि अखेरच्या उपकरणापर्यंत माग काढावा. हा पत्ता मॅक तक्त्यात सापडण्याची अपेक्षा ठेवू नये. तो तेथे नोंदलाच जात नाही.

३. पोर्टवरील वाहतुकीची प्रत मिररिंगद्वारे एका संगणकावर घेऊन ती वायरशार्कमध्ये उघडावी. २००६ पर्यंत इथेरियल नावाने ओळखली जाणारी ही मोफत आज्ञावली अशा फ्रेमवर स्वतःच खूण करते. फ्रेममधील आयपी पत्त्यावरून उपकरणाचा मालक बहुधा कळतो.

४. संबंधितांना पूर्वसूचना देऊन ते उपकरण काही मिनिटे जाळ्यापासून अलग करावे. इशारे थांबले, तर निदान पक्के झाले.

उपाय

ड्रायव्हर अद्ययावत करणे, हाताने भरलेला पत्ता काढून टाकणे किंवा कार्ड बदलणे, हे उपाय बहुतेक वेळा पुरतात. सामायिक पत्ता वापरणाऱ्या सर्व्हरना शक्य असल्यास युनिकास्ट पद्धतीवर आणावे.

येथे दोन निराळ्या दोषांची गल्लत टाळावी. मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्क लोड बॅलन्सिंगच्या मल्टिकास्ट पद्धतीत ०३:बीएफ ने सुरू होणारा पत्ता एआरपी उत्तराच्या आत येतो. राउटरने असे उत्तर मानू नये, असे १९९५ चे आरएफसी १८१२ सांगते; तेथे राउटरवर कायमस्वरूपी एआरपी नोंद करावी लागते. दुसरा दोष आयपी पातळीवरचा. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्तेही प्रेषकाच्या जागी निषिद्ध आहेत. १९८९ च्या आरएफसी १११२ मध्येच तसे नमूद आहे. अशी पॅकेट राउटरवर किंवा फायरवॉलवर अडवावीत.

इशारा नोंदवणेच बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने नोंदवही स्वच्छ दिसते, पण निनावी प्रेषक जाळ्यात तसाच राहतो. आणि पुढे खरोखर काम अडेल तेव्हा त्याच्यापर्यंत पोचण्याचा माग उरलेला नसतो.