निब, अक्षर आणि अर्ज

पेनाची निब लवचिक असावी की ताठ, हा प्रश्न हौशी माणसांचा वाटतो. पण ज्या समाजाच्या हाती लेखणी पडू नये याची शतकानुशतके काळजी घेतली गेली, त्याने तो इतिहासाच्या अंगानेही तपासला पाहिजे, असे मला वाटते.

मोडीतले जुने दप्तर बोरूने लिहिलेले आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. हात दाबावा लागत नाही. धरण्याच्या कोनामुळेच रेघ जाड-बारीक होते. देवनागरी अक्षराचे वळणही या तिरप्या कापातूनच घडले. लवचिक निबेचे कूळ वेगळे. तिचे टोक अणकुचीदार. दाब दिला की दोन फाका उघडतात, शाई जास्त उतरते, खाली येणारी रेघ जाड होते आणि वर जाणारी केसासारखी बारीक राहते. ही गरज इंग्रजी वळणदार लिपीची. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या पोलादी निबा जगभर गेल्या आणि कचेरीतल्या कारकुनाचे अक्षर त्यांवर घडले. आपली शिरोरेघ आडवी. ती दाबून ओढली तर टोक कागदाला अडते; न दाबता ओढली तर काना ठळक आणि शिरोरेघ किरटी दिसते.

वळणदार अक्षर हे कुलीनतेचे लक्षण ठरवले गेले, हेही विसरता येत नाही. महाराचे वतन आणि त्याची गावकीची कामे कुलकर्ण्याच्या दप्तरात नोंदली जात; ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येत नसे. त्याच्या वाट्याला सहीऐवजी अंगठा आला.

ही स्थिती मोडली ती आपल्याच कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणसांनीही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर सरकारकडे अर्ज केला. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले. १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या लेखनाला धार होती ती विचाराची.

घटनेच्या ज्या इंग्रजी प्रतीवर २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी सह्या केल्या, ती प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. अक्षर देखणे आहे, त्याचा मान राखावा. पण कलम १७ चे बळ त्या वळणात नाही.

तेव्हा रोजच्या लेखनाला निब कोणती? मी पनवेल तालुक्यातल्या नेरे गावी लिहितो. आषाढ-श्रावणात इथे कागद ओल धरतो. लवचिक निबेची जादा शाई त्यावर फुटते आणि मागच्या पानावर उमटते. ठराव, इतिवृत्त, माहिती अधिकाराचा अर्ज हे सारे स्वस्त कागदावर आणि घाईत लिहावे लागते. त्यासाठी ताठ, किंचित दबणारी, बारीक किंवा मध्यम टोकाची पोलादी निब बरी. विकत घेताना आपल्याच वापरातल्या कागदावर ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘ज्ञ’ लिहून पाहावे, लांब शिरोरेघ ओढावी आणि पानभर मजकूर लिहून मनगट दुखते का ते बघावे. सौंदर्याची ओढ असेल, आणि ती असावीच, तर देवनागरीसाठी तिरपी कापलेली निब घ्यावी. मराठी अक्षर तिच्यावर खुलते.

सुंदर अक्षरही आपलेच आहे. फक्त अर्ज वाचणाऱ्याला एकही शब्द ‘लागला नाही’ असे म्हणायची सवड आपण ठेवू नये.