जामिनाचा जामीन

शास्त्राने स्वतःच्या अविरोधाचा, म्हणजे आपल्यातून परस्परविरोधी विधाने निघत नाहीत याचा, दाखला हजर करावा, ही मागणी गणितात तरी फार जुनी नाही. दाव्हीद हिल्बर्ट यांनी १९०० साली पॅरिसच्या परिषदेत अंकगणितापुरती ती मांडली; परंतु तिची निकड पटली ती १६ जून १९०२ रोजी बर्ट्रंड रसेल यांनी येना येथील गॉटलोब फ्रेगे यांस धाडलेल्या पत्राने.

अंकगणित निव्वळ तर्काच्या पायावर उभारू पाहणाऱ्या फ्रेगे यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. रसेल यांचा प्रश्न असा: जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा साऱ्या संचांचा एक संच कल्पिला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? आहे म्हणावे तर नाही ठरतो, आणि नाही म्हणावे तर आहे! कोणताही गुणधर्म सांगितला की त्याचा संच झालाच, असा सरसकट परवाना फ्रेगे यांच्या गृहीतात होता, आणि त्याच परवान्यावर हा विरोध आत शिरला होता. ही नामुष्की फ्रेगे यांनी १९०३ च्या त्या खंडाच्या परिशिष्टात स्वतःच नमूद केली. हयातीची मेहनत ढासळत असता असे परिशिष्ट लिहिणारे विरळाच.

एर्न्स्ट झेर्मेलो यांनी १९०८ साली परवान्याचा अधिकार छाटला: आधी कबूल झालेल्या संचातूनच गुणधर्माने घटक निवडावेत. मात्र या व्यवस्थेचा अविरोध आपणांस सिद्ध करता आलेला नाही, हेही त्यांनी तेथेच कबूल केले. पुढे संख्या, रेषा, फलने सारे संचांत उतरवण्याची रीत रूढ होऊन संचशास्त्र अवघ्या गणिताचे जामीन झाले. या जामिनाची खातरजमा, विधानांना चिन्हांच्या रांगा समजून, सांत रीतींनीच करावी असा हिल्बर्ट यांचा आग्रह होता.

७ सप्टेंबर १९३० रोजी क्योनिग्सबर्ग येथे २४ वर्षांच्या कुर्ट ग्योडेल यांनी, सत्य असूनही सिद्ध न होणाऱ्या विधानांची गोष्ट हळूच काढली; दुसऱ्याच दिवशी, त्याच शहरात, हिल्बर्ट सारे काही कळेलच अशी ग्वाही देत होते. अंकगणित सामावणारी अविरोधी व्यवस्था स्वतःचा अविरोध स्वतः सिद्ध करू शकत नाही, असा ग्योडेल यांचा १९३१ चा निर्णय. मग तिच्याहून दुबळी व्यवस्था तिची हमी काय देणार? गेर्हार्ड गेंट्झेन यांनी १९३६ साली अंकगणिताचा अविरोध सिद्ध केला खरा, पण त्यासाठी अंकगणिताच्या आवाक्याबाहेरचे विगमन त्यांस तारण ठेवावे लागले. संचशास्त्राला जामीन हवा असेल, तर त्याच्या स्वयंसिद्धांतून ज्यांचे अस्तित्व निघत नाही अशा ‘अगम्य’ महासंख्या मानता येतात, आणि मग तगादेदार त्यांच्याच दारी जाऊन बसतो.